सेनानी शंकरराव थोरात

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयातून १९२६ मध्ये ते लष्करी अधिकारी होऊन बाहेर पडले. ब्रिटिश अमदानीत हिंदी अधिकाऱ्याला संपूर्ण पलटणीचे आधिपत्य क्वचितच मिळे. थोरातांना ते दुसऱ्या महायुद्धात मिळाले.

१९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरून जपानी सैन्य माघार घेत होते. त्याची वाट कांगॉ गावाजवळ रोखायची होती. तेथे लढणाऱ्या एका ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, सेन आणि थोरात. ‘मेलरोझ’ असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर जपानी सैनिक खंदक खोदून बसले होते. थोरातांच्या पंजाबी जवानांनी चढण चढत, अखेरीस संगिनींनी लढत ती टेकडी जिंकली. या लढाईतील पराक्रमाबद्दल तिन्ही सेनानींना ‘डी. एस. ओ.’ हा सन्मान मिळाला.

कोरियातील युद्ध थांबल्यावर, १९५३ मध्ये, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय सेनेकडे आली. तिचे प्रमुख थोरात होते. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत ओढून नेले. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर कैद्यांबरोबर तो अधिकारीही मेला असता. थोरात निःशस्त्र आत गेले, संतप्त जमावाशी बोलत राहिले आणि अधिकाऱ्याला सोडवून आणले. टेकडी जिंकण्याहून हे धैर्य निराळे, आणि कदाचित अधिक अवघड होते.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनाप्रमुख झाले. आजच्या अरुणाचल प्रदेशाची सीमा त्यांच्या अखत्यारीत आली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी संरक्षणाचा आराखडा सादर केला. ऐन सीमेवर रस्ते नव्हते; तेथे मोठी फौज ठेवली तर तिला दारूगोळा आणि शिधा पोहोचणार नाही, हे त्यांनी हेरले होते. म्हणून सीमेवर केवळ इशारा देणाऱ्या लहान चौक्या असाव्यात आणि खरी लढाई मागे, बोमडिलासारख्या ठिकाणी द्यावी, असे त्यांनी सुचवले. सरसेनापती थिमय्यांना आराखडा पटला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना मात्र चीनच्या हल्ल्याचे भय अवास्तव वाटले. १९६० च्या मार्चमध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ नावाच्या लष्करी सरावातून थोरातांनी तोच धोका पुन्हा दाखवून दिला.

१९६१ मध्ये ते निवृत्त झाले. थिमय्यांनी आपल्यामागे त्यांचेच नाव सुचवले होते. सरसेनापतिपद दुसऱ्याकडे गेले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. तवांग पडले, मग से ला, मग बोमडिला. अपुऱ्या कपड्यांनिशी आणि तुटपुंज्या दारूगोळ्यावर जवान बर्फात लढले.

या पराभवाच्या काळात पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. तीन वर्षांपूर्वीचा आराखडा आपल्याला का दाखवला गेला नाही, असे त्यांनी विचारले. याचे उत्तर मेननच देऊ शकतील, एवढेच थोरात म्हणाले.