वायूच्या विहिरीतली वाळू कशी काढतात?



'मिश्रणातील घटक वेगळे करणे' हा पाठ शिकवताना आपली उदाहरणं ठरलेली असतात. तांदळातले खडे निवडायचे, पीठ चाळायचं, चहा गाळायचा, गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यायचं. या वर्षी हा पाठ चालू असताना एका मुलाने विचारलं, "सर, वाऱ्यात वाळू मिसळली तर ती कशी काढायची?" मी पटकन म्हणालो, "उफणणी!" पण ते काही बरोबर उत्तर नव्हतं. उफणताना वारा भुसा उडवून नेतो आणि दाणे खाली पडतात, कारण वारा मंद असतो. वाराच जोरात असेल आणि वाळूसकट धावत असेल तर? हा प्रश्न नैसर्गिक वायूच्या विहिरीवर रोज सोडवावा लागतो. आज त्याबद्दलच वाचूया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या घरातल्या लाल सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी. शहरात पाइपने घरी येतो तो आणि रिक्षात भरतात तो सीएनजी, हे दोन्ही म्हणजे नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. तो जमिनीखाली एखाद्या पोकळ टाकीत साठलेला नसतो, तर खडकाच्या बारीक छिद्रांत अडकलेला असतो. ओल्या विटेत पाणी असतं ना, तसा.

मग वाळू कुठून येते? खडक वालुकाश्म असेल आणि त्याचे कण एकमेकांना नीट चिकटलेले नसतील, तर वायू बाहेर पडताना कणही सुटतात. याचं उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. तिने आणि कृष्णेने लाखो वर्षं वाहून नेलेल्या वाळूचे थर तिथल्या खोल समुद्राच्या तळाखाली आहेत आणि त्यांत वायू आहे. तिथल्या डी-१ व डी-३ या क्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे पाणी आणि वाळू येऊ लागल्यामुळे एकेक करत अनेक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये या क्षेत्रांतलं उत्पादन थांबलं.

दुसरी वाळू माणसाने स्वतः घातलेली असते. अमेरिकेत लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांत हेन्सव्हिल नावाचा शेल खडकाचा थर आहे, तीन किलोमीटरपेक्षाही खोल. हा खडक इतका घट्ट की वायू आपणहून बाहेर येत नाही. म्हणून प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात. पण दाब काढला की भेगा परत मिटतात. त्या उघड्या राहाव्यात म्हणून पाण्यातून वाळू पाठवतात. दार बंद होऊ नये म्हणून आपण फटीत लाकडाचा तुकडा घालतो, तसंच हे. एका विहिरीत हजारो टन वाळू जाते. विहीर सुरू झाली की तिच्यातली काही वाळू वायू आणि पाण्याबरोबर परत वर येते. पहिले काही दिवस तर खूपच.

आता म्हणाल, थोडी वाळू आली तर काय बिघडलं?

वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. मोहच्या काठिण्य मापनात त्याचा क्रमांक ७. साधं पोलाद ४ ते ५ च्या आसपास. म्हणजे वाळूचा कण पोलादाला ओरखडतो. त्यात वेगाची भर पडते. पोलादाच्या पाइपमध्ये वेग दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सुमारे सहापट होते. पाइप वळतो तिथे वायू वळतो, पण कण जड असल्याने सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आदळतो. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ पाण्याच्या माऱ्याने झिजतो, ते आठवा. वळण झिजून भोक पडलं तर ज्वलनशील वायू जोराने बाहेर येणार आणि जवळपास माणसं काम करत असणार. खर्चाचं बघून घेता येईल, पण खरी भीती ही आहे.

सर्वांत जास्त मार खातो तो चोक. चोक म्हणजे विहिरीच्या तोंडाजवळचा अरुंद मार्ग, जिथे वायूचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की वायू फुगतो. दाब वातावरणाच्या २०० पटींवरून २० पटींवर आणला तर आकारमान साधारण दहापट होतं. पाइप तेवढाच असेल तर वेगही दहापट! म्हणून वाळू चोकच्या आधीच, वेग कमी असतानाच काढणं शहाणपणाचं. पण त्यासाठी यंत्राला विहिरीचा पूर्ण दाब सोसावा लागतो. तिथे १०,००० पीएसआय क्षमतेची उपकरणं वापरतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते. तुलना तुम्हीच करा.

या यंत्राला डिसँडर म्हणतात. त्याचा एक प्रकार तुम्ही नक्की पाहिला आहे, फक्त नाव माहीत नसेल. भातगिरणी किंवा लाकडाची वखार आठवा. छपरावर पत्र्याचा एक उलटा शंकू असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. त्याला सायक्लोन म्हणतात. कोंडा किंवा भुसा घेऊन आलेली हवा त्यात बाजूने, भिंतीला घासून शिरते आणि गोल फिरू लागते. कण भिंतीकडे फेकले जातात, घसरत खाली पडतात आणि स्वच्छ हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. वायूच्या विहिरीवरचा सायक्लोन असाच, फक्त जाड पोलादाच्या भांड्यात बसवलेला. आतून सिरॅमिक किंवा टंगस्टन कार्बाइडसारखं कठीण अस्तर असतं, नाहीतर वाळू त्यालाच खाऊन टाकेल.

नववी-दहावीच्या मुलांसाठी छोटं गणित. वायूचा वेग सेकंदाला १० मीटर आणि फिरण्याची त्रिज्या १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. १०० भागिले ०.१ म्हणजे १०००. पृथ्वीचं गुरुत्व त्वरण ९.८. म्हणजे वाळूचा कण स्वतःच्या वजनाच्या शंभरपट जोराने भिंतीकडे लोटला जातो! आत एकही पंखा नाही, मोटर नाही. ज्या वेगाने वाळू पाइप कापत होती, तोच वेग इथे तिला बाजूला काढतो. मला स्वतःला या यंत्रात हेच सगळ्यात आवडलं.

वर्गात दाखवताना मात्र सावध राहा. मी पेल्यातल्या चहात चमचा फिरवून दाखवायला गेलो आणि चहापत्ती कडेला जायच्या ऐवजी तळाच्या मध्यभागी गोळा झाली. मुलं हसली. तळाजवळचा चहा पेल्याला घासून मंदावतो आणि आतल्या दिशेने वाहत पत्ती मध्ये ओढतो. १९२६ मध्ये आइन्स्टाइन यांनी नदीच्या वळणांबद्दल लिहिताना हेच समजावलं होतं. सायक्लोनमध्ये पाणी ढवळायचं नसतं, प्रवाह सतत आत येत-जात असतो, म्हणून तिथे वेगळं घडतं.

सायक्लोनची अडचणही वेगातच आहे. विहीर जुनी झाली, वायू कमी येऊ लागला की भोवरा मंदावतो आणि बारीक कण निसटतात. मग आतला भाग बदलून लहान बसवावा लागतो. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. भेगांत घालतात ती वाळू बहुतेक १५० ते ४०० मायक्रॉनची, ती सहज पकडली जाते. पण खडकाचा भुगा काही मायक्रॉनचाच असतो, तो पळतो. काही ठिकाणी जाळीची गाळणी असलेली दोन भांडी शेजारी-शेजारी ठेवतात, एक चालू आणि एक रिकामं करायला. गोल मोठं भांडं ठेवून वेग एकदम कमी करायचा आणि वाळू नुसती खाली बसू द्यायची, असंही करतात. ते म्हणजे आपलं निवळणंच.

साठलेली वाळू बाहेर काढणं हे कौशल्याचं काम. वरची झडप बंद करायची, खालच्या भांड्यातला दाब हळूहळू उतरवायचा, तो शून्य झाल्याचं मापकावर पाहायचं आणि मगच पाण्याने वाळू धुऊन काढायची. इथे घाई केली तर वाळूचा फवारा माणसाच्या अंगावर येतो. काही ठिकाणी आता हे झडपांचं काम दुरून, यंत्राकडून करून घेतात.

वाळू किती येते हे कळतं कसं? पाइपच्या वळणानंतर बाहेरून एक ध्वनिमापक बांधतात. कण आदळले की तो ऐकतो. पत्र्याच्या डब्यावर मूठभर वाळू टाकून, मग एकेक कण टाकून मुलांना डोळे मिटून ऐकायला लावा, त्यांना लगेच समजतं. विहिरीवरची माणसं चोक थोडा उघडतात, आवाज ऐकतात, भांड्यातून निघालेली वाळू मोजून लिहून ठेवतात. वाळू वाढली की चोक पुन्हा थोडा मिटवतात.