खाडीवरचे पाहुणे

मुलांनो, पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळ आइसलँड नावाचा देश आहे. हिवाळ्यात दूरदूरचे लोक तेथे सहलीला जातात. वाटाड्या त्यांना एका दिवसात धबधबे आणि हिमनद्या दाखवतो. रात्री आकाश निरभ्र असेल, तर हिरवा प्रकाश पडद्यासारखा हलताना दिसतो. त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण हवेच्या वरच्या थरात आदळतात, म्हणून तो दिसतो.

आपल्या कळव्यात हिवाळ्यात काय दिसते? बर्फ तर नाहीच. मुंब्र्याच्या डोंगरावरचे धबधबेही पावसाळ्यानंतर आटतात. पण आपल्याकडे खाडी आहे! ठाण्याला जाताना लोकल पुलावर आली, की ती खिडकीतून दिसते.

कळव्याहून विटावा, दिघा मागे टाकून ऐरोलीला जा. तेथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून बोट सुटते. जाण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्या: आज भरती किती वाजता आहे? समुद्राचे पाणी चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. उर्दूत याला मद्द-ओ-जज़्र म्हणतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून काल आठला निघालेली बोट आज आठला निघेलच असे नाही. पाणी उतरल्यावर ती गाळात रुतेल.

बोटीत लाइफ जॅकेट घाला आणि हळू बोला. दोन्ही काठांवर तिवरांची झाडे दिसतील. त्यांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. त्यांतून ती श्वास घेतात. (हाताचे ते बोट, पाण्यातली ती बोट. मराठी शिकताना येथे सगळेच फसतात!)

पुढे पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टा दिसेल. ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांना अग्निपंखही म्हणतात. त्यांतले बरेचसे गुजरातमधील कच्छकडून येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो. शेवाळ व बारीक जीव पोटात जातात, पाणी बाहेर पडते. या खाण्यातूनच पिसांना गुलाबी रंग येतो. थव्यात करड्या रंगाचे पक्षी दिसले, तर ती पिल्ले आहेत असे समजा.

शहराचे सांडपाणी खाडीत येते. त्याने शेवाळ वाढते आणि रोहितांचे पोट भरते. पण त्याच पाण्याने मासे कमी होतात आणि काठच्या कोळ्यांच्या जाळ्यात प्लास्टिक येते. मग हे पाणी चांगले म्हणावे की वाईट? वर्गात यावर जरूर वाद घाला. २०१५ साली येथे रोहित अभयारण्य झाले. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर यादीत जागा मिळाली. ही जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी आहे.

रोहितांच्या मोठेपणात एक छोटा पाहुणा विसरू नका. त्याचे नाव छोटा टिलवा. तो चिमणीएवढाच असतो, पण त्याचे घरटे उत्तर ध्रुवाकडच्या थंड प्रदेशात असते, जेथे ध्रुवीय प्रकाश दिसतो. मात्र तो उन्हाळ्यात घरटे बांधतो. तेव्हा तेथे सूर्य मावळतच नाही. त्यामुळे त्या बिचाऱ्यालाही तो प्रकाश दिसत नसावा!

बोट परतेपर्यंत ओहोटी लागते. गाळ हळूहळू उघडा पडतो, आणि टिलवे धावत त्यावर चरायला उतरतात.