दानीएलाचे ताट आणि आमचे ताट

शास्त्रपाठ : दानीएल १:१-२१ व २:१७, नहेम्या १३:२३-२५, यिर्मया २९:४-७, २ तीमथ्य १:५

दानीएलाचा पहिला अध्याय समोर उघडून ठेवावा आणि मगच पुढे वाचावे, ही विनंती. संडे स्कूलमध्ये आपण हा अध्याय 'भाजी खाणारी चार मुले' म्हणून भरभर शिकवतो आणि सिंहांच्या गुहेकडे धाव घेतो. पण परप्रांतात संसार मांडलेल्या आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा सगळा प्रश्न त्या एकवीस वचनांत आहे, हे माझ्या ध्यानात यायला चाळिशी उलटावी लागली.

बाबेलच्या राजाने त्या तरुणांच्या तीन गोष्टींना हात घातला : भाषा, नाव आणि अन्न. 'दानीएल' या नावाचा अर्थ 'देव माझा न्यायाधीश'. ते बदलून बेल्टशस्सर केले, आणि हे नाव आपल्या दैवतावरून ठेवले आहे असे चौथ्या अध्यायात राजा स्वतःच सांगतो. आपण असतो तर इथेच भांडण मांडले असते. दानीएलाने मांडले नाही. तो ती विद्या आणि भाषा शिकला. त्याच्या नावाच्या पुस्तकाचाही २:४ पासून सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंतचा भाग इब्री नसून अरामी भाषेत आहे. नावही त्याने सोसले. मात्र २:१७ पाहा. तो घरी जातो तेव्हा सोबत्यांची नावे हनन्या, मीशाएल, अजऱ्या अशीच येतात. दरबारात शद्रख, मेशख, अबेदनगो. उंबऱ्याच्या आत जुनी नावे.

ग्वाल्हेरला राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकला आणि त्या छावणीचे शहर झाले, तेच आमचे लश्कर. मराठी 'वाडा' येथे 'बाडा' झाला, आणि आता मराठी घरांतली माणसेसुद्धा 'बाड्यावर जाऊन येतो' असेच म्हणतात. राजकवी भास्करराव तांबे येथलेच. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि मराठीचा दरबारी मान गेला. आमचे घराणे काही सरदारांच्या मागून आलेले नाही. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी आले. आम्ही उपासना हिंदीत करतो, घरची प्रार्थना मराठीत. आणि धाकटा म्हणतो, "आई, मला भूक लग रही है."

नहेम्याच्या काळीही मुले अर्धी अश्दोदी बोलत. नहेम्या इतका संतापला की त्याने बापांचे केस उपटले. (शिक्षकांनी हा भाग अनुकरणासाठी घेऊ नये!) उलट यिर्मयाने बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा आणि ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, असे कळवले. दोन्ही पुरुष देवाचेच. म्हणून भाषेच्या प्रश्नाला एकच उत्तर सर्वांवर लादू नये, असे माझे मत आहे.

आता ताटाकडे वळू. नाव सोसणाऱ्या दानीएलाने अन्नापाशी मात्र पाय रोवले. ते अन्न मूर्तीला दाखवलेले असावे की नियमशास्त्राने वर्ज्य केलेले, याची चर्चा पंडितांनी करावी. मला महत्त्वाची वाटते ती त्याची रीत. त्याने ताट भिरकावले नाही. विनंती केली, कारभाऱ्याला राजाची भीती वाटते हे ओळखले, आणि म्हटले, दहा दिवस पारखून पाहा.

आमच्या घरी नेमके उलटे झाले. नावावरून आणि बोलीवरून आम्ही पुष्कळ वाद घातले, पण ताटाची पारख कधी केली नाही. २००६ साली आमचे पहिले मूल जन्मले. माझ्या आईने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी असे सगळे मायेने केले आणि ते अंगी लागले. पण त्याच हातांनी तिने बाळाला आईचा चीक पाजू दिला नाही, कारण तो 'जड' असतो. तीन दिवस मध आणि साखरेचे पाणी चाटवले. बाळंतिणीला पाणीही मोजून दिले. चौथ्या दिवशी बाळ मलूल झाले, लघवी होईना, आणि रात्री दवाखान्यात धावावे लागले. नऊ दिवस सलाइन. देवाच्या दयेने लेकरू वाचले. पत्नीने पहिल्याच दिवशी मला विचारले होते, "तुम्ही आईंना सांगा ना." मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेला, व्यासपीठावरून उपदेश करणारा, 'हे बायकांचे काम' म्हणून व्हरांड्यात बसून राहिलो. चीक हेच बाळाचे रोगांपासून पहिले संरक्षण असते, तो जन्मानंतर पहिल्या तासातच पाजावा, सहा महिने आईच्या दुधाखेरीज वरचे काही देऊ नये आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये, हे मी नंतर डॉक्टरांच्या तोंडून ऐकले.

२०१० मध्ये दुसऱ्या खेपेला मंडळीतील एक निवृत्त परिचारिका आल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांनी आधी लाडू खाल्ला, कृती विचारून घेतली, मग म्हणाल्या, "आई, लाडू तुमचेच राहू द्या. चीक तेवढा पाजून पाहू. जड गेला तर पुढे तुमचे ऐकू." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला आजवर कोणी विचारलंच नाही." आणि तिने स्वतः बाळ सुनेच्या पदराखाली दिले.

याच नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत कित्येक निरक्षर, कित्येक दलित. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे बाळ लहान राहून बाळंतपण सोपे जाते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. ती शहरच्या डॉक्टरच्या रागावण्याने हलत नाही. शेजारच्या चुलीपाशी बसणारी बाई सांगते तेव्हा हलते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ताट केवळ प्रकृतीचे नसते. आपण कोण, हेही त्यावरून ठरत असते. रेव्ह. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे राहायला आल्या, त्या आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी तो मोडायला लावला नाही. त्यांचे मन त्यांच्याच विचाराने वळले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले नसेल त्यांनी निदान एवढ्या भागासाठी वाचावे. तिकडे टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेत लावले. मराठीपण टाकावे लागले नाही, विटाळ तेवढा गेला.

तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. विश्वास आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. माझ्या दोन्ही मुलांना प्रभूची प्रार्थना मराठीत येते, ती माझ्या आईने शिकवली म्हणून. चीक नाकारणारी आजी आणि ही आजी एकच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रीतींवर वर्गात सरसकट 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारू नये, आणि त्या वडिलांच्या आहेत म्हणून डोळे मिटून चालवूही नयेत.

पुढच्या रविवारी शिक्षकांनी वर्गातील मुलांना आजीकडे पाठवावे. तुझ्या बाळंतपणात तुला काय खायला दिले आणि काय दिले नाही, एवढेच तिला विचारायचे. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून आणायचे. मुलगे टाळाटाळ करतील. त्यांना आवर्जून पाठवावे.