व्हिडिओ कॉलवर ओल दिसत नाही

वर्षभराची अभ्यासरजा घेऊन परदेशी जायचं ठरलं की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘घर रिकामंच राहणार आहे, तर तेवढ्यात रंगकाम उरकून घेऊ.’ ऐकायला सोयीचं वाटतं. सामानाची हलवाहलव नाही, नाकातोंडात धूळ नाही, मुलांचा अभ्यास बुडत नाही. लक्ष ठेवायला मित्रमंडळी आहेतच. आमच्याकडेही असंच ठरलं. नवऱ्याला हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत, म्हणजे गुंथर सोंथायमर यांनी जिथे राहून खंडोबा आणि धनगरांवर काम केलं तिथे, वर्षभर वाचत बसायला मिळणार होतं. लेकीची शाळा आणि माझी बिनपगारी रजा त्याच्यामागे फरफटत गेली. नेरूळच्या फ्लॅटची किल्ली शेजारच्या सेक्टरमधल्या मैत्रिणीकडे दिली आणि जाताना सांगितलं, ‘जरा लक्ष ठेव गं.’

आता कुणी मला विचारलं तर हे वाक्य आधी खोडायला सांगते. ‘लक्ष ठेव’ यात काम किती, पैसे कुणाचे आणि शेवटचा शब्द कुणाचा, यातलं काहीच येत नाही.

रंगारी दहाला यायचे. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे आमच्याकडे साडेसहा. एका हाताने लेकीचा डबा भरत मी दुसऱ्या हातातल्या फोनवर भिंती बघायचे. ‘ताई, एकदम कोरडी आहे,’ मिस्त्री बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर थाप मारून सांगायचा. खोटं नव्हतं ते. मे महिन्यात नवी मुंबईतली कुठलीही भिंत हाताला कोरडीच लागते. लांबी भरली, प्रायमर झाला, रंगाचे दोन हात बसले. मैत्रिणीने पडदे लावून फोटो पाठवले आणि आम्ही तिथे सगळ्यांना दाखवत सुटलो.

जुलैत पोपडे सुटले. आधी खिडकीच्या कोपऱ्यात, मग पट्टाच्या पट्टा. त्यामागे पांढरा खार, आणि नवीन कपाट सरकवलं तेव्हा पाठीमागे काळी बुरशी. बाहेरच्या गिलाव्याला केसासारख्या बारीक भेगा होत्या. नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट त्याच भिंतीवर आपटतो. पाणी आत मुरलं, आतून नव्या लांबीने आणि रंगाने वाट बंद केलेली, घर कुलूपबंद. दुसरं काय होणार?

चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधली घरं आखताना एकाची भिंत दुसऱ्याला लागणार नाही असं पाहिलं होतं, म्हणजे ज्याला जेव्हा हवं तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं, बदलावं. फ्लॅटवाल्यांच्या नशिबी ते सुख नाही. आपली बाहेरची भिंत सगळ्यांची असते. आदर्श उपविधींप्रमाणे तिची दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि वरच्यांच्या मोरी-संडासातून गळत असेल तर ते त्या सदस्याने बघायचं. म्हणून रंगाचं शेडकार्ड हातात घेण्याआधी सेक्रेटरींकडे जाऊन बाहेरचं काम कधी निघणार आहे ते विचारा. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडलेली असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल मागून वाचा. नेरूळ-वाशीतल्या कितीतरी सिडकोकालीन इमारतींनी तिशी कधीच ओलांडली आहे.

ओलीची परीक्षा फोनवर होत नाही, पण मित्राच्या हातून होते. हातभर पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं. आतल्या बाजूने दव धरलं तर भिंतीत पाणी आहे. हे पावसाळा संपल्यावर करायचं, मे महिन्यात त्याला काही अर्थ नाही. रंगही शक्यतो पाऊस ओसरून भिंती वाळल्यावरच. फक्त दिवाळीच्या तोंडावर रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर घाईत हात मारून जातात. घर रिकामंच असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम.

गंमत म्हणजे हायडेलबर्गच्या भाडेकरारात रोज खिडक्या सताड उघडून हवा खेळती ठेवायची, असं कलमच होतं. कडाक्याच्या थंडीत आम्ही कुडकुडत ते पाळत होतो आणि इकडे नेरूळचं घर वर्षभर कोंडलेलं. अर्थात तिथला उपाय इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथली थंड हवा कोरडी असते, आपली जुलैची हवा स्वतःच ओली. इथे उघडीप पडली की खिडक्या उघडायच्या, पंखे लावायचे आणि बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची.

पण तिथली एक पद्धत जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. घर ताब्यात घेताना मालकाने खोलीगणिक लिहून घेतलं होतं: भिंतीला भोकं किती, मीटरचे आकडे काय, किल्ल्या किती. खाली दोघांच्या सह्या. आम्हाला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. मैत्रिणीबरोबर असा एक कागद केला असता तर पुढचा अवघडलेपणा टळला असता.

अवघडलेपणा म्हणजे पैशांचा. माझं बँकेचं ओटीपी इथल्या सिमवर यायचं, सिमचं रिचार्ज संपलेलं. रंगाऱ्याचा ॲडव्हान्स तिने स्वतःच्या खिशातून दिला, मग डेब्रिजच्या गोण्या उचलणाऱ्या टेम्पोचा, मग सोसायटीचं डिपॉझिट. मागितले कधीच नाहीत. फक्त फोन आखूड होत गेले. शेवटी तिचे यजमानच म्हणाले, ‘वहिनी, हिशेब एकदा बघून घ्या, ही काही बोलणार नाही.’ तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी अंदाजाच्या वर थोडी रक्कम मित्राच्या खात्यात टाका, सिम जिवंत ठेवा, सोसायटीला त्याच्या नावाचं पत्र द्या. आणि एक आकडा ठरवा, त्याच्या आतला निर्णय त्याचा, तुम्हाला विचारायचीही गरज नाही.

सुतारकामात मात्र विचारायलाच हवं. प्लायवर आयएसआयचा छाप असतो. स्वयंपाकघरात, सिंकखाली आयएस ७१० लिहिलेलाच लावा, तो पाण्याला टिकणारा. प्रत्येक शीट कापायच्या आधी छापाचा फोटो मागवा. एकदा सनमायका चढला की आत काय आहे ते सुतार जाणे आणि वाळवी जाणे. रंगाचंही तसंच. फोनच्या पडद्यावरचा राखाडी आमच्या हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये चक्क जांभळा निघाला. भिंतीवर दोन फूट पट्टा मारून, शेजारी कोरा कागद धरून, सकाळचा आणि रात्रीचा असे दोन फोटो काढायला सांगा.

सगळंच बिघडलं नाही. लेकीच्या खोलीची आतली भिंत कोरडी होती. तिने कॉलवरून पिवळा रंग निवडला आणि मैत्रिणीच्या मुलांनी निळ्यात हात बुडवून पंजे उमटवले. रंगाऱ्याला हे अजिबात मंजूर नव्हतं, वर नखं घासायला टर्पेंटाइनही त्यालाच द्यावं लागलं. घरातली सगळ्यात देखणी भिंत तीच. मित्रांना अशी कामं द्यावीत, ज्यात त्यांचा जीव रमतो आणि बिघडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही.

पश्चिमेची भिंत आम्ही परतल्यावर विटेपर्यंत खरवडून उघडी ठेवली. सोसायटीने बाहेरून गिलावा केला, पुढच्या पावसात ती कोरडी राहिली, मग रंग.

आता मैत्रिणीचंच कुटुंब वर्षभरासाठी सिंगापूरला निघालंय आणि किल्ली माझ्याकडे येणार आहे. मी कागद-पेन घेऊन गेले तर म्हणाली, ‘अगं, आपल्यात एवढं कशाला?’ मीटरचा आकडा तिनेच वाचून दाखवला, किल्ल्या मी मोजल्या. बाथरूमच्या भिंतीवरचं प्लास्टिक उद्या काढायचं आहे.