सही करायच्या आधी

अगं, काल फोनवर दादा शेजारी होता, म्हणून तू मोकळं बोलली नाहीस. कळलं मला. आबांच्या माळावर सोलरवाले आलेत, दादाला सगळ्यांच्या सह्या हव्यात. तू विरोध करू नकोस. दिवसा वीज नाही म्हणून दादानं किती रात्री अंधारात पाणी धरलंय, ते आपणच पाहिलंय. फक्त सही कोणत्या कागदावर मागतायत, ते बघ.

भाडेपट्टा असेल तर बसून बोलू. हक्कसोडपत्र असेल तर पेन खाली ठेव. जमीन भाड्यानं द्यायला बहिणींना हक्क सोडावा लागत नाही, कुणी काही सांगो. २००५च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हिस्सा दिला, आणि वडील तेव्हा हयात नसले तरी तो बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. मुखत्यारपत्र असेल तरी पेन खालीच ठेव. ‘तालुक्याला हेलपाटे नकोत’ म्हणून दिलेली सही पुढं कुठं वापरली जाईल, सांगता येत नाही.

विखरणचे धर्मा पाटील आठवतात ना? सौर प्रकल्पात जमीन गेली, मोबदला तुटपुंजा. मंत्रालयात विष घेतलं आणि जानेवारी २०१८ मध्ये गेले. त्यांची जमीन संपादनात गेली होती. आपली भाड्यानं जातेय, मालकी आपलीच राहते. तेवढी तरी नीट राखू या.

आता पैशाचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख भाडं आहे, म्हणजे एकरी साधारण पन्नास हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. खासगी कंपनी परस्पर आली असेल तर तिला हा दर आपोआप लागू होत नाही. पण घासाघीस करताना दादाला तो आकडा माहीत असू दे. करार पंचवीस-तीस वर्षांचा, तेव्हा आपली नातवंडं कारभार बघत असतील! मुदत संपल्यावर खांब, सिमेंटचे पाये कोण उपटणार? मध्येच कंपनी विकली गेली तर भाडं कोण देणार? विहिरीकडची वाट उघडी राहणार का? हे कागदावर हवं, एजंटाच्या तोंडी नको. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदव, आणि नंतर सातबारा काढून आपली नावं जागेवर आहेत ना, ते बघ.

आणि भाडं प्रत्येकाच्या खात्यात वेगळं जमा व्हायला हवं, आईच्यासुद्धा. यावर मी दादाशी भांडायलाही तयार आहे.

कराराचा मसुदा आज मोबाईलवर पाठव. वकिलाला दाखवेपर्यंत सही करू नकोस. दादा रागावला तर माझं नाव सांग.