उत्तराविना पात्र : ऑनलाइन भूमिकाखेळातील उपरेपणाचे स्वरूप

१. विषयप्रवेश

समूहात वावरत असूनही आपण त्या समूहाचे नाही, ही जाणीव आधुनिक साहित्याला नवी नाही. मराठी समीक्षेने तिला परात्मता, एकाकीपण, उपरेपणा अशा संज्ञांनी ओळखले आहे. प्रस्तुत लेखात या जाणिवेच्या एका निराळ्या आविष्काराचा विचार करावयाचा आहे. संगणकाच्या जाळ्यावर अद्भुतरम्य भूमिकाखेळ खेळणाऱ्या समूहांत आपण डावलले जात आहोत, अशी वेदना अनेक सहभागी व्यक्त करतात. ही तक्रार सामान्यतः मत्सराच्या किंवा पोरकटपणाच्या खाती मांडली जाते. फार तर तो मानसशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु या समूहांतील व्यवहार बहुतांशी लेखनातून होतो. तेव्हा या वेदनेचे मूळ माणसांच्या स्वभावाप्रमाणेच संहितेच्या घडणीतही असू शकेल काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. ते मूळ प्रामुख्याने संहितेच्या घडणीतच आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. प्रकाराची पार्श्वभूमी

भूमिकाखेळाचे आजचे रूप गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून सुरू होते. टेबलाभोवती बसलेले चार-सहा जण प्रत्येकी एक पात्र घेतात आणि बोलता बोलता एक कथा रचतात. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने 'मड' नावाचा खेळ संगणकावर सुरू केला व पुढे रिचर्ड बार्टल याने तो विकसित केला. त्यात चित्रे नव्हती. दालन, वाट, दिवा, शत्रू हे सारे शब्दांनी उभे केलेले होते. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस याने सुरू केलेल्या 'लॅम्डामू' या शब्दविश्वात संहितारचनेचा आणखी विकास झाला. तेथे बोलण्यासाठी एक आज्ञा होती, तर कृती वा भाव वर्णन करण्यासाठी दुसरी. नाट्यसंहितेतील संवाद आणि रंगसूचना यांचेच हे विभाजन होय. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या सचित्र खेळातही केवळ भूमिका वठविणाऱ्यांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आले आणि त्यांतील भूमिकाखेळही मुख्यत्वे टंकलिखित वाक्यांवरच चालत आला आहे.

या संहितेची तीन लक्षणे सांगता येतील. तिला एक लेखक नसतो. तिला सहभागींवाचून वेगळा असा प्रेक्षकवर्ग प्रायः नसतो. आणि तिच्यातील प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणीतरी पुढे न्यावे, या अपेक्षेने लिहिलेले असते. यांपैकी तिसरे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

३. न उचललेले वाक्य

एक कल्पित प्रसंग घेऊ. डोंगरपायथ्याच्या सराईत लोहार, वैदूबाई आणि दोन शिलेदार बसले आहेत. त्यांचे लेखक दोन वर्षांपासून एकत्र खेळत आहेत. लोहार लिहितो की त्याने पेला खाली ठेवला आणि वैदूबाईला तिच्या भावाची खबर विचारली. एवढ्यात नवा सहभागी आपले पात्र आणतो : पावसात भिजलेला एक प्रवासी आत येतो, कोपऱ्यातील बाकावर बसतो आणि कुणाशी न बोलता खिडकीबाहेर पाहू लागतो. यानंतर वैदूबाई लोहाराला उत्तर देते, शिलेदार त्यावर थट्टा करतात, आणि दहा-बारा वाक्यांनंतर चौघेही रानात हरवलेल्या भावाच्या शोधार्थ निघतात. प्रवासी बाकावरच राहतो. त्याला कुणी बाहेर काढलेले नाही; त्याला कुणी बरोबरही घेतलेले नाही.

प्रवाशाचे वाक्य कादंबरीच्या आरंभी शोभले असते. तेथे पुढचे वाक्य लिहिणारा लेखकही तोच असतो. येथे मात्र ते वाक्य स्वतःत पूर्ण आहे. त्यात दुसऱ्याने हात घालावा अशी जागा नाही. याउलट लोहाराचे वाक्य अपुरे आहे आणि त्या अपुरेपणातच त्याची शक्ती आहे. म्हणजे नवोदिताच्या उपरेपणाला त्याची लेखनपद्धतीही काही अंशी कारण होते, हे मान्य करावे लागेल. एकान्तप्रिय, गूढ, दुखावलेला नायक हे अद्भुतरम्य वाङ्मयाचे आवडते पात्र आहे. वाचनातून आलेला नवोदित तेच निवडतो आणि त्या निवडीबरोबर त्या पात्राचे एकाकीपणही पत्करतो.

परंतु हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. समजा, प्रवाशाने लोहारालाच विचारले की पूल वाहून गेला हे खरे काय. हे वाक्य उत्तराची मागणी करते. तरीही लोहाराचा लेखक ते न उचलता पुढे जाऊ शकतो. वैदूबाईचा भाऊ, त्याचे जुने भांडण, मागील हिवाळ्यातील लढाई हा सारा संचित इतिहास त्याला अधिक ओढतो. समूहाची स्मृती हीच त्या समूहाची परंपरा असते. ती कोठेही सलग लिहिलेली नसते. प्रत्येक वाक्यात मात्र तिचे संदर्भ असतात. नवोदिताला त्या संदर्भांचा अर्थ लागत नाही आणि प्रत्येक वेळी विचारण्याचा संकोच वाटतो. द्वेषावाचून, निर्णयावाचून, केवळ परिचयाच्या ओढीने तो बाहेर राहतो.

यात अंतराचाही भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ८ वाजतात तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे ५.३० किंवा, तेथील हिवाळी वेळेनुसार, सकाळचे ६.३० वाजलेले असतात. अमेरिकी समूहात खेळणारा भारतीय तरुण जागा होतो तेव्हा प्रसंग सुरू झालेला असतो, आणि तो मोकळा होतो तेव्हा इतर झोपलेले असतात. त्याला वगळण्याचा हेतू कुणाचाच नसतो. परिणाम मात्र तोच होतो.

४. दुसऱ्याचे पात्र लिहू नये

या लेखनाचा एक नियम सर्व समूहांत जवळजवळ सारखा आढळतो : दुसऱ्याच्या पात्राची कृती आपण लिहावयाची नाही. 'मी तलवार उगारतो' असे लिहिता येते, 'तुझा हात तुटतो' असे लिहिता येत नाही. या नियमाच्या भंगाला खेळाडू 'गॉडमॉडिंग', म्हणजे परमेश्वरी सत्ता बळकावणे, असे म्हणतात. हा नियम न्याय्य आहे. त्यामुळे प्रत्येक पात्राचे स्वातंत्र्य सुरक्षित राहते.

परंतु याच नियमाची दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. कादंबरीकार विस्मृतीत गेलेल्या पात्राला दहा प्रकरणांनंतर परत आणू शकतो. इतरांना त्याच्याकडे वळवू शकतो. भूमिकाखेळातील उपेक्षित लेखकाला हे करता येत नाही. 'लोहार वळून माझ्याकडे पाहतो' हे वाक्य लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. तो दार ठोठावू शकतो. दार उघडल्याचे लिहू शकत नाही. पात्राचे स्वातंत्र्य राखणारा नियमच उपेक्षिताची असहायता निर्माण करतो. या प्रकारातील उपरेपणाचे रूपबंधात्मक मूळ येथे आहे.

मराठी वाचकाला या संदर्भात दशावताराची आठवण होणे स्वाभाविक आहे. सिंधुदुर्ग आणि गोवा या भागांतील दशावतारात आख्यानाचे कथानक ठरलेले असते, संवाद मात्र नट उत्स्फूर्तपणे रचतात. समोरच्याने टाकलेला शब्द उचलणे हे तेथेही कौशल्याचे गमक आहे. तथापि तेथे दोन आधार असतात. आख्यानात प्रत्येक पात्राचे स्थान आधीच निश्चित असते, आणि समोर प्रेक्षक असतो. सहनटाने शब्द उचलला नाही तर ते प्रेक्षकाला दिसते. नट प्रेक्षकालाच उद्देशून बोलून प्रसंग सावरू शकतो. ऑनलाइन भूमिकाखेळात हे दोन्ही आधार नाहीत. तेथे उपेक्षेला साक्षीदार नसतो.

५. माणूस, खेळाडू आणि पात्र

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी 'शेअर्ड फँटसी' या १९८३ मधील ग्रंथात भूमिकाखेळाच्या मंडळांचा अभ्यास केला आहे. अर्व्हिंग गॉफमन यांच्या चौकटींच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन ते दाखवितात की सहभागी एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरतो : माणूस, खेळाडू आणि पात्र. फाइन यांचा अभ्यास टेबलाभोवतीच्या खेळाचा असला, तरी हे विवेचन आपल्या विषयाला चपखल लागू पडते.

प्रवाशाला उत्तर मिळाले नाही, तेव्हा नाकारले गेले ते कोण? शिलेदारांना परका आवडत नाही, म्हणून पात्र नाकारले गेले असेल. तो तर कथेचा भागच होय. त्याचे लेखन कच्चे वाटले म्हणून खेळाडू नाकारला गेला असेल. किंवा माणूसच नकोसा झाला असेल. टेबलाशी बसलेल्याला समोरच्याचा चेहरा, हसू, चहाचा पुढे केलेला कप यांवरून हा भेद कळतो. पडद्यावर मात्र तिन्ही शक्यतांचे चिन्ह एकच असते, आणि ते म्हणजे मौन. लॅम्डामूमध्ये तर विशिष्ट व्यक्तीचे शब्द आपल्या पडद्यावर उमटूच नयेत, अशी आज्ञा देण्याची सोय होती. छळापासून संरक्षण म्हणून ती आवश्यकच होती. पण तेथेही बोलणाऱ्याच्या वाट्याला येणारे चिन्ह तेच. मौनाचा अर्थ अनिश्चित असल्यामुळे उपेक्षित व्यक्ती बहुधा त्यातील सर्वांत कठोर अर्थ स्वतःला लावून घेते.

मराठीतील 'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग येथे लागू पडत नाही, हेही उद्बोधक आहे. वाळीत टाकण्याला कर्ता असतो, निर्णय असतो, कारण जाहीर केलेले असते. म्हणूनच महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत करता आला. त्या बहिष्काराने माणसाची उपजीविका आणि सोयरीक तुटते. भूमिकाखेळातील उपेक्षेची त्याच्याशी तुलना करणे अनुचित ठरेल. फरक एवढाच नोंदवावयाचा आहे की येथे ज्याच्याकडे दाद मागावी असा कर्ताच नसतो. क्रियापद आहे, कर्ता नाही, अशी ही व्याकरणिक अवस्था आहे.

६. 'केवळ खेळ' या आक्षेपाचा विचार

हा सारा केवळ खेळ आहे, त्यात एवढे दुखावण्यासारखे काय, असा आक्षेप घेतला जाईल. किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ६२ देशांतील १,४८६ व्यक्तींनी जाळ्यावर तबकडी फेकण्याचा एक साधा खेळ खेळला. त्यांचे दोन सोबती प्रत्यक्षात संगणकाने चालविलेले होते. ज्यांच्याकडे तबकडी कमी आली त्यांना अधिक वाईट वाटले आणि आपलेपणाची जाणीव उणावली. २००४ मधील पुढच्या प्रयोगात तर समोर माणूस नसून संगणक आहे, हे सांगूनही अशीच दुखावल्याची भावना आढळली. पात्र नाही, कथा नाही, भाषाही नाही अशा खेळात जर हे घडते, तर ज्याने महिनोन्महिने एक पात्र घडविले, त्याला नाव, गाव, आठवणी आणि बोलण्याची लकब दिली, त्याची वेदना क्षुल्लक कशी म्हणता येईल?

उत्तर मिळाल्याने काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाला स्नायूंचा असाध्य आजार होता. २०१४ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, तो वारला. मुलगा एकाकी आयुष्य जगून गेला, अशी आईवडिलांची समजूत होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील 'स्टारलाइट' या समूहात 'इबेलिन' नावाने तो वर्षानुवर्षे वावरत होता आणि आपल्या आजाराविषयी त्याने तेथे बराच काळ सांगितले नव्हते. त्याच्या मृत्यूची वार्ता आईवडिलांनी कळविल्यावर समूहातील स्नेह्यांची पत्रे येऊ लागली. काही जण अन्य देशांतून अंत्यविधीला आले. समूहाने जपलेल्या संवादांच्या नोंदींवरून बेंजामिन री यांनी त्याच्यावर केलेला माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. ज्या खोलीत आईवडिलांना एकान्त दिसत होता, तेथे हजारो वाक्यांना उत्तरे मिळत होती. त्याचे जगणे समृद्ध झाले ते खेळाच्या नियमांमुळे नव्हे, तर इतरांनी त्याची वाक्ये उचलली आणि त्याने इतरांची, म्हणून.

७. समारोप

संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याच्या सिद्धीसाठी सहृदयाची अपेक्षा ठेवली. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय. हा सहृदय काव्य ग्रहण करतो. त्याने कवीला उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. भूमिकाखेळात मात्र ग्रहण पुरेसे नाही. येथे वाचकाने मनोमन दाद दिली तरी प्रवासी बाकावरच राहतो. सहृदयतेला लिखित रूप द्यावे लागते, आणि ते न दिल्यास पात्र संहितेत असूनही कथेत नसते.

या विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, ऑनलाइन भूमिकाखेळातील उपरेपण हे प्रायः वैराचे फळ नसून एकमेकांवर अवलंबून असलेल्या लेखनाचे फळ आहे. दोन, पात्राचे स्वातंत्र्य राखणाऱ्या नियमामुळेच उपेक्षिताला स्वतःची सुटका लिहिता येत नाही. म्हणून सुटकेची जबाबदारी रूपबंधानेच जुन्या सहभागींवर टाकली आहे. तीन, मौनाचा अर्थ अनिश्चित असल्याने खेळाबाहेर येऊन सांगितलेला एखादा साधा खुलासाही मोलाचा ठरतो. चार, अशा संहितांचा अभ्यास करताना लिहिलेल्या वाक्यांइतकेच न उचललेल्या वाक्यांकडे लक्ष दिले पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्याचा संबंध केवळ खेळाशी नाही. कोणत्याही वाङ्मयीन परंपरेत अशी पात्रे आणि असे लेखक असतात, ज्यांना कुणी नाकारले नाही आणि ज्यांच्याकडे कुणी वळलेही नाही. त्यांचा इतिहास लिहिणे अवघड असते, कारण त्याला पुरावा नसतो. भूमिकाखेळाच्या नोंदींत मात्र तो पुरावा ओळीओळीने उपलब्ध आहे. सराईतील चौघे पुढे रानात गेले, त्यांचा भाऊ सापडला, कथा पूर्ण झाली. पण नोंदीत प्रवाशाचे वाक्यही जसेच्या तसे आहे, आणि ते वाचण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे.