फॉर्म्युला फोरचा एक हंगाम : कोटेशनवर न दिसणारा खर्च

कार्टिंगमध्ये नाव काढणारं मूल पंधरा वर्षांचं झालं, की पुढची पायरी फॉर्म्युला फोर. इटली, ब्रिटन, स्पेन, फ्रान्स या देशांत तिच्या राष्ट्रीय मालिका चालतात आणि संघ पालकांना 'सीट'चा भाव सांगतात. मंगल कार्यालयाचं भाडं म्हणजे लग्नाचा खर्च नव्हे. सीटचंही तसंच आहे. संपूर्ण हंगामाचा अंदाज हातात असल्याशिवाय सहीला बसू नका.

खालचे आकडे इटलीतल्या मधल्या फळीच्या संघासोबतच्या हंगामाचे, ढोबळ मानाने. हिशोबाला सोपं जावं म्हणून १ युरो म्हणजे १०० रुपये धरा. दर वर असेल तर रक्कम त्या प्रमाणात वाढवा.

हंगामाचं अंदाजपत्रक

• सीट (गाडी, इंजिनिअर, मेकॅनिक, वाहतूक, प्रवेश शुल्क) : २ ते ३.५ लाख युरो
• सरावाचे २० दिवस : ८० हजार ते १.४ लाख युरो
• अपघातातली मोडतोड : ३० ते ५० हजार युरो
• प्रवास, मुक्काम, सोबतच्या पालकाचा खर्च : ३० ते ४० हजार युरो
• प्रशिक्षक, सिम्युलेटर, व्यायाम : २० ते ३० हजार युरो
• हेल्मेट, हान्स (मानेचं संरक्षक साधन), अग्निरोधक पोशाख : ५ ते ८ हजार युरो

एकूण साधारण ३.६५ ते ६.२ लाख युरो, म्हणजे पावणेचार ते सव्वासहा कोटी रुपये. आघाडीच्या संघात हा आकडा आणखी वर जातो.

पैसा जातो कुठे?

२०१४ मध्ये इटलीत ही मालिका सुरू झाली, तेव्हा एफआयएचा, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक महासंघाचा, हेतू स्वस्त शिडी उभारण्याचा होता. हंगाम लाखभर युरोत व्हावा अशी अपेक्षा होती. गाडीच्या बाबतीत ते बरंचसं साधलंही. इटलीत सगळ्यांकडे तातूस कंपनीची टी-४२१ गाडी, अबार्थचं १.४ लिटर टर्बो इंजिन आणि पिरेलीचे टायर असतात. गाडीवर जादा पैसे ओतून वेग विकत घेता येत नाही. मग श्रीमंत पालक किलोमीटर विकत घेतात. मोंझा, मुजेलो, इमोला, मिसानो या ट्रॅकवर ज्या मुलाने शर्यतीआधी शेकडो फेऱ्या मारल्या आहेत, तो पहिल्याच सत्रात पुढे असतो. म्हणून संघाला सीटच्या भावाइतकाच बारकाईने विचारायचा प्रश्न हा : या रकमेत सरावाचे दिवस किती, कोणत्या ट्रॅकवर, आणि प्रत्येक दिवसाला नवे टायर किती? दोन कोटेशनांची तुलना याच उत्तरांवर करा. हिवाळी मालिकेचं आमंत्रण आलं, तर ते वेगळं बिल आहे हे गृहीत धरा.

सही करण्याआधी विचारा

१. भाव व्हॅटसह आहे का? इटलीत व्हॅट २२ टक्के, स्पेनमध्ये २१, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये २०. तीन लाखांच्या सीटवर इटलीत ६६ हजार युरोंचा फरक पडतो.
२. मोडतोडीसाठी अनामत किती? सुट्या भागांचं दरपत्रक आधी मिळेल का? विमा असेल, तर प्रत्येक अपघातात पहिली किती रक्कम आपण सोसायची? दुसऱ्याने धडक दिली तरी बिल बहुधा आपल्याच नावावर येतं.
३. इंजिनिअर एका मुलाचा की दोघातिघांचा? टेलिमेट्रीचा (गाडीतल्या सेन्सरच्या नोंदींचा) डेटा सहकाऱ्यांशी ताडून पाहता येईल का?
४. हंगाम अर्धवट सोडला, किंवा हात मोडून मूल मालिकेच्या दोन टप्प्यांना बसून राहिलं, तर पैसे परत किती?

भारतातून पैसे पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे बहुतेक घरांत आई-वडील दोघांची मर्यादा वापरावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर, शिक्षण आणि उपचार यांसारखी कारणं वगळता, २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ कर) कापला जातो. दोघांनी प्रत्येकी दीड कोटी पाठवले, तर मिळून ५६ लाख रुपये आधी भरावे लागतात. विवरणपत्रात ते वळते करून घेता येतात, पण तोवर अडकून पडतात. एखादी कंपनी प्रायोजक म्हणून परदेशात एक लाख डॉलरपेक्षा जास्त पाठवणार असेल, तर केंद्राच्या क्रीडा खात्याची पूर्वपरवानगी लागते. सीएला करार झाल्यावर नव्हे, त्याआधी गाठा.

परवाना भारतीय महासंघाकडून, म्हणजे एफएमएससीआयकडून घ्यावा लागतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सराव धरला तर ते पुरत नाहीत, तेव्हा दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाची चौकशी संघाकडे करा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

खर्च कमी करायचा असेल तर

फ्रान्सच्या मालिकेत सगळ्या गाड्या तिथल्या महासंघाची अकादमीच सांभाळते. भाव सर्वांना एकच, त्यामुळे संघासंघांतली बोली लागत नाही. मुलींसाठी एफ-वन अकादमी ही मालिका आहे. २०२३ च्या पहिल्या हंगामात फॉर्म्युला वनने दर गाडीमागे दीड लाख युरो घातले आणि तेवढेच स्पर्धक मुलीने उभे केले. काहीच ठरत नसेल, तर आधी चार-पाच दिवस फक्त सराव विकत घ्या आणि मुलाची वेळ त्याच दिवशीच्या नियमित स्पर्धकांच्या वेळेशी ताडून पाहा.

पुढचं वर्ष आत्ताच मांडा

फॉर्म्युला फोर ही पहिलीच पायरी. फॉर्म्युला रीजनलला ७ ते १० लाख युरो, फॉर्म्युला थ्रीला १० ते १५ लाख, फॉर्म्युला टूला २५ ते ३० लाख, असे आकडे या वर्तुळात बोलले जातात. फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी लागणाऱ्या सुपर लायसन्सला तीन वर्षांत ४० गुण हवेत. इटलीतला फॉर्म्युला फोर विजेता त्यांतले १२ कमावतो. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला थ्रीमध्ये २०१९ साली तिसरा आला, रेड बुलच्या कनिष्ठ संघात होता, फॉर्म्युला टूचे चार हंगाम खेळला, तरीही फॉर्म्युला वनमध्ये त्याला जागा मिळाली नाही.

म्हणून पहिला हप्ता भरण्याआधी दोन गोष्टी लिहून काढा : दुसऱ्या हंगामाचा पैसा कुठून येणार, आणि कोणत्या निकालानंतर थांबायचं. पहिलीचं उत्तर घर किंवा दुकान गहाण टाकणं असेल, तर मुलाला आणखी एक वर्ष कार्टिंगमध्येच ठेवा.